मुंगसाला घातलेली शपथ

सरळच सांगते, मी जळत होते. आतून-बाहेरून जळत होते. लोकांना वाटतं, बाई बाईवर जळते ती साडीवरून, दागिन्यांवरून, नाहीतर गोऱ्या रंगावरून. छे! मंदाकिनीबाईंच्या साड्या माझ्यापेक्षा साध्या असायच्या आणि रंगानं त्या माझ्याहून सावळ्या. मी जळत होते एका शब्दावरून. मुंगूस या शब्दावरून. हसू नका, आधी ऐकून घ्या.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. आम्ही भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत राहायचो, पिपलानीच्या क्वार्टरांमध्ये. आमचे हे, म्हणजे विश्वनाथ, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. दिवसभर मोठमोठ्या कागदांवर यंत्रांच्या रेघा मारायच्या आणि घरी आल्यावर शब्दांच्या मागे लागायचं, असा माणूस. भोंगा झाला की सायकल फाटकाशी यायची आणि चपला काढता काढताच सुरू, "अगं सुनंदा, पायजमा हा शब्द इंग्रजांनी कुठून उचलला, सांग बरं!" मी कणीक मळता मळता 'हं' करायची. पण ऐकायची मी, बरं का. लग्न झाल्यापासून त्यांना जे जे सापडलं ते सगळ्यांत आधी माझ्या कानावर पडलं होतं. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. कळेना का! आधी माझ्याकडे यायचं, तेवढ्यावर मी खूश होते.

मग शेजारच्या क्वार्टरमध्ये परचुरे राहायला आले. नवरा प्रकाशराव, कारखान्याच्या कामानं सारखा दौऱ्यावर. बायको मंदाकिनी, पुण्याची, तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवून आलेली. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणात मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर मी आजवर पापड वाळवले, उशा वाळवल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडले. आता तिच्यावर शब्दकोश येऊन बसला.

शब्दकोश म्हणजे कसला, चांगला पाटा होता तो. मंदाकिनीबाईंनी पुण्याहून आणलेला. त्यात म्हणे प्रत्येक इंग्रजी शब्दाचं मूळ गाव दिलेलं असतं: कुठून निघाला, कुठे मुक्काम केला, कोणाच्या घरी वाढला. यांना तर घबाडच मिळालं. आता सायकल फाटकाशी आली की हे घरात यायच्या आधी मागच्या अंगणात. चपला भिंतीशी. चहा भिंतीवर. "विश्वनाथराव, हे पाहिलंत का?" "अरे, कमाल आहे, मंदाकिनीबाई!" आणि मी आत, चहात साखर घातली की नाही ते विसरून उभी.

तुमच्या मनात काय आलं ते कळलं मला. तसलं काही नव्हतं. तसलं असतं तर मी झाडू घेऊन निकाल लावला असता, नागपूरची आहे मी. दोघांच्याही मनात पाप नव्हतं, ते माझ्यासमोर बोलायचे, मला हाक मारून बोलवायचे सुद्धा. "वहिनी, या ना, बसा ना." बसून काय करू? तो पाटा पुढे सरकला की दोघांची डोकी त्यावर वाकायची आणि मला नुसते केस दिसायचे. मालती, म्हणजे समोरच्या क्वार्टरमधली माझी उज्जैनची मैत्रीण, ती म्हणायची, "सुनंदा, तू तर सवतीसारखं तोंड करून बसून राहतेस बाई." मी म्हटलं, सवत परवडली असती. सवतीला निदान शिव्या तरी घालता येतात.

आमच्या वसाहतीत महाराष्ट्र मंडळ होतं. नागपूरहून सरकारी ऑफिसांबरोबर आलेले, इंदूर-ग्वाल्हेरचे पिढीजात, पुण्या-मुंबईचे नव्यानं आलेले, सगळे गणपतीत एकत्र यायचे. आणि मंडळाची एक पद्धत होती. गणपतीतल्या रविवारी सकाळी व्याख्यान व्हायचं आणि त्याला बाहेरचा पाहुणा बोलवायचा नाही. आपल्यातलाच कोणीतरी उभा राहायचा. पंपवाले दामले एकदा पाण्याच्या टाकीवर बोलले होते, तेही ऐकलं आम्ही. शिवाय आणखी एक पद्धत: बोलणाऱ्यानं शेवटी सांगायचं, हे मला कोणाकडून मिळालं. गुरू असो, बाप असो, पानवाला असो, नाव घ्यायचं. अध्यक्ष शंकरराव त्या बाबतीत फार कडक. नाव घेतल्याशिवाय ते टाळ्या वाजवू द्यायचे नाहीत. दामल्यांनी पंपावरच्या मदतनिसाचं, खलाशाचं नाव घेतलं होतं आणि तो खलाशी मागे उभा राहून रडला होता.

त्या वर्षी पाळी आमच्या यांची आली. विषय काय घ्यावा यावर भिंतीवर महिनाभर खल झाला. आणि एका संध्याकाळी हे अंगणातून असे ओरडले की मला वाटलं विंचू चावला. धावत गेले तर हे शब्दकोशावर बोट ठेवून उभे. "मंदाकिनीबाई! मॉंगूस! मॉंगूस मराठी आहे! आपल्या मुंगसाचं झालंय ते!"

मंदाकिनीबाई भिंतीपलीकडून वाकल्या, वाचलं, आणि टाळी वाजवली. "अहो, खरंच की. मराठीवरूनच दिलंय."

मी दारात उभी होते, हात पिठाचे. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

आता ऐका मी का जळले ते.

मुंगूस हा शब्द लग्नाआधी आमच्या यांना ठाऊकच नव्हता. हे ग्वाल्हेरचे. चार पिढ्या तिकडे गेलेल्या, घरात मराठी बोलायचे पण अर्धे शब्द हिंदीचे. त्यांच्याकडे नेवला म्हणतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा मी मुंगूस म्हटलं तर त्या म्हणाल्या, "हे काय गं नवीन? नेवला म्हण सरळ." मी नागपूरची. लहान होते तेव्हा वडिलांचं ऑफिस नागपूरहून भोपाळला हललं, छप्पन साली, आणि आम्ही टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये आलो. सामान थोडं आलं, पण आईची बोली सगळीच्या सगळी आली. त्यात मुंगूस आलं. आणि मुंगसाची शपथ आली.

ती तुम्हाला ठाऊक असेल. मुंगूस दिसणं शुभ, पण नुसती शेपटी दिसून उपयोग नाही, तोंड दिसलं पाहिजे. ते तर पळून जात असतं. मग त्याला हाक मारायची, तोंड दाखव, तुला रामाची शपथ. रामाचं नाव घेतलं की मुंगूस थांबतं आणि वळून बघतं. आमच्याकडे सगळी पोरं करायची हे.

लग्न झालं तेव्हा आम्ही एकमेकांना अनोळखी. बघायला आले तेव्हा दोन वाक्यं बोलले असतील, तीही हवेबद्दल. नव्या क्वार्टरमध्ये मी, हे आणि एक स्टोव्ह. हे ड्युटीवरून यायचे, जेवायचे, वाचत बसायचे. मला वाटायचं, काय बाप्पा, कोणत्या मुक्या माणसाच्या गळ्यात मला बांधलं! एक दिवस दुपारी मागच्या अंगणात मेंदीच्या कुंपणातून मुंगूस निघालं. हे म्हणाले, "नेवला!" मी म्हटलं, "नेवला काय? मुंगूस म्हणा." आणि मग मी लाज-बीज विसरून ओरडले, "तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" ते पेरूच्या झाडाखाली थांबलं. मागच्या पायांवर उभं राहिलं आणि वळून आमच्याकडे बघितलं, असं ऐटीत, जसं काही त्यालाच आम्हाला बघायचं होतं.

हे हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मागचे दात दिसेपर्यंत हसले. "परत कर, परत कर," म्हणाले, लहान पोरासारखे. त्या दिवशी संध्याकाळी दिवे लागेपर्यंत आम्ही अंगणात बोलत बसलो. माझं लग्न खरं म्हणजे त्या दिवशी लागलं, असंच मी धरते.

पुढे काय व्हायचं, मी रुसले की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रुसायची मी पुष्कळ, राग माझ्या नाकावरच. हे मागून यायचे आणि हळूच म्हणायचे, "तोंड दाखव, तुला रामाची शपथ." मी वळायची. वळावंच लागायचं, शपथ होती ना. मग पोरं झाली, पोरांच्या शाळा झाल्या, सासूबाईंचं दुखणं झालं, आणि ती शपथ कधी बंद पडली ते माझ्याही लक्षात आलं नाही. पण विसरले नव्हते मी.

तर तो शब्द माझा होता. इंग्रजांनी मराठीतून घेतला असेल, नसेल, ते शब्दकोश जाणे. आमच्या यांनी माझ्याकडून घेतला होता. आणि आता व्याख्यानाच्या शेवटी नाव घ्यायची पद्धत. मला तेवढंच हवं होतं. गणपतीसमोर, सगळ्या वसाहतीसमोर त्यांनी म्हणावं, हा शब्द मला माझ्या बायकोनं दिला. बस्स! मग त्या पाट्यावर दोघांनी खुशाल जन्मभर डोकी टेकवावीत.

मालती म्हणाली, "सांग ना त्यांना. नाव घ्या म्हणावं."

"मी सांगू? का सांगू? मागून घेतलेलं नाव मला नको."

"अगं, पुरुषांच्या लक्षात राहत नाही."

"टर्बाइनची प्रत्येक रेघ लक्षात राहते, पायजमा लक्षात राहतो, मी तेवढी राहत नाही होय?"

मालती म्हणाली, "जाऊ दे बाई, तू चहा पी."

व्याख्यानाची तयारी भिंतीवर सुरू झाली. मी कानोसा घेऊन असायची. आपोआपच सगळं पाठ झालं मला. किनाऱ्यावर आलेल्या परदेशी लोकांनी हा प्राणी पाहिला. त्याला त्यांच्याकडे नाव नव्हतं. मग इथल्या लोकांकडून ऐकलेलं नाव त्यांनी आपल्या जिभेवर बसवलं. मधे पोर्तुगीजांच्याही तोंडी घोळलं असावं. इंग्रजांनी त्याच्या शेवटी गूस जोडलं, म्हणजे त्यांचा तो बदकासारखा पक्षी, पण त्या पक्ष्याशी याचा काही संबंध नाही. म्हणून अनेकवचनसुद्धा त्या पक्ष्यासारखं होत नाही. आणि कानडी-तेलुगूतही अगदी असाच शब्द आहे, तेव्हा मराठीनंही तो दक्षिणेतून घेतला असेल, असं काही जाणकार म्हणतात. मंदाकिनीबाई शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा घालायला लावायच्या. "विश्वनाथराव, आपण फार फुशारकी नको मारायला. शब्द कोणाच्या मालकीचे नसतात."

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमचे नसतील, बाई! माझा एकच होता.

आणि मग ती दुपार आली. गणपती बसायला थोडे दिवस होते, शनिवारची अर्धी ड्युटी करून हे घरी आलेले. मी आत डबे पुसत होते. अंगणातून कुजबुज ऐकू आली म्हणून खिडकीशी गेले. हे पेरूच्या झाडाखाली उकिडवे बसलेले. भिंतीपलीकडे मंदाकिनीबाई, त्याही उकिडव्या, फक्त डोकं भिंतीवर. कुंपणाच्या कडेनं मुंगूस चाललं होतं, तांबूस-करडं, शेपटी लांब. हे हळू आवाजात म्हणाले, "आता म्हणा. रामाची शपथ घाला, म्हणजे बघेल."

"खरंच?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं कौतुक होतं. "पुण्यात मी कधी पाहिलंच नाही हो." मग त्यांनी शपथ घातली, शुद्ध, ठसठशीत आवाजात, वर्गात हजेरी घ्यावी तशी. "तोंड दाखव रे, तुला रामाची शपथ."

आणि ते मेलं वळलं!

थांबलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि तिच्याकडे बघितलं. किती वर्षांत मी त्याला हाक मारली नव्हती, मान्य. पण माझं अंगण, माझं कुंपण, माझी शपथ, आणि तोंड दाखवलं तिला! हे हसले. मागचे दात दिसेपर्यंत हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला डबा मी असा आपटला की मुंगूस पळालं.

"काय झालं गं?" यांनी विचारलं.

"काही नाही. डबा पडला."

त्या रात्री मी जेवले नाही. "पोटात दुखतंय" म्हटलं. ते खोटंही नव्हतं. यांनी ओवा दिला आणि टिपणं काढायला बसले, माझ्याकडे पाठ करून, टेबलावर. ती पाठ बघत मी पडून राहिले. एकदा वाटलं, उठावं आणि सांगावं. मग वाटलं, नाही. व्याख्यानाच्या रविवारपर्यंत बघू. रविवारी आठवेल त्यांना. गणपतीसमोर उभं राहिल्यावर आठवल्याशिवाय राहणार नाही.

रविवारी सकाळी मी हिरवी नऊवार, नाही, खोटं कशाला, सहावारच, पण लग्नातली हिरवी नेसले. मोगऱ्याचा गजरा घातला. मालतीनं विचारलं, "आज तुझं काही आहे का?" मी म्हटलं, "बघशील." आणि पहिल्या रांगेत बसले. मंदाकिनीबाई माझ्या शेजारीच येऊन बसल्या, मांडीवर पाटा.

छान बोलले हो. खोटं बोलणार नाही. मुंगूस किनाऱ्यावरून गलबतात बसून विलायतेला कसं गेलं ते त्यांनी असं रंगवलं की पोरंसुद्धा गप्प बसली. शब्द ऐकून लिहून घेणारा साहेब सांगितला, शब्दकोश सांगितला, दक्षिणेचं सांगितलं. मग म्हणाले, "आणि आता आपल्या घरातली एक गंमत सांगतो."

मी पदर नीट केला.

"मुंगसाला रामाची शपथ घातली की ते वळून तोंड दाखवतं. आमच्या ग्वाल्हेरच्या वाड्यामागे मुंगसं फार. माझी आजी आम्हा मुलांना घेऊन बसायची आणि शपथ घालायला शिकवायची. अजून डोळ्यांसमोर आहे."

आजी! नेवला म्हणणारी आजी! मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलत नव्हते ते. त्यांचे डोळे ओले झाले होते. त्यांना खरंच दिसत होती ती आजी, तो वाडा, ती मुंगसं. माझं अंगण त्यांनी उचलून ग्वाल्हेरला नेऊन ठेवलं होतं आणि त्यात मी कुठेच नव्हते.

शेवटी पद्धतीप्रमाणे नावं. "हा विषय मला मिळाला तो मंदाकिनीबाईंच्या शब्दकोशामुळे. आणि हा शब्द मला मिळाला माझ्या आजीमुळे." शंकररावांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या. मंदाकिनीबाईंनी उभं राहून नमस्कार केला.

"कोणाला काही विचारायचंय?" शंकररावांनी विचारलं.

मी उभी राहिले. मालतीनं मागून माझा पदर ओढला, पण मी उभी राहिलेच. मंडळात मी कधी आरतीशिवाय तोंड उघडलं नव्हतं.

"मला विचारायचंय. त्या साहेबानं शब्द लिहून घेतला. त्याला सांगितला कोणी?"

हे हसले. जरा प्रेमानंच हसले, आपली बायको पहिल्यांदा बोलली म्हणून. "चांगला प्रश्न आहे. पण याची नोंद नसते ना. असेल एखादा माळी, एखादी पाणी भरणारी बाई. साहेबानं विचारलं असेल, हे काय? ती म्हणाली असेल, मुंगूस. झालं. ती गेली पाणी घेऊन. तिचं नाव कोण लक्षात ठेवतो?"

सगळे हसले. शंकरराव हसले, मालती हसली. पंपवाले दामले तर जोरात हसले.

मंदाकिनीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आधी माझ्याकडे, मग स्टेजवर, मग परत माझ्याकडे. आणि त्यांचा चेहरा बदलला. कळलं त्यांना. काय कळलं, किती कळलं, देव जाणे, पण कळलं. बघा म्हणजे! पंधरा वर्षं ज्याच्या ताटात वाढलं त्याला कळलं नाही आणि हिला एका प्रश्नात कळलं. त्या क्षणी मी तिच्यावर जेवढी जळले तेवढी शब्दकोशावरूनही जळले नव्हते, मुंगसावरूनही नाही.

प्रसाद न घेता मी घरी आले.

हे मागून आले, हारबीर घालून, खुशीत. दुपारच्या जेवणाला बसले, नेहमीसारखे माझ्याकडे पाठ करून, कारण टेबल असंच लावलेलं. मी ओट्याशी उभी राहून आमटी ढवळत होते. ते स्वतःशीच म्हणत होते, "दामले काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, गजब बोललास तू." मी ती पाठ बघत होते. शर्टावर हाराचा ओला डाग. आणि मला एकदम राहवेना. नाव मागायचं नाही असं ठरवलं होतं, पण नाव तरी कुठे मागत होते? मी फक्त म्हटलं, हळू, पूर्वी ते म्हणायचे तसं:

"तोंड दाखवा. तुम्हाला रामाची शपथ."

त्यांचा घास थांबला. ते खुर्चीतच वळले. तोंडभर आनंद होता. म्हणाले, "वा! म्हणजे माझं व्याख्यान लक्ष देऊन ऐकलंस की!"

मी वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, जशी पूर्वी राहायची तशी. डोळ्यांपुढे चुन्याची भिंत, तिच्यावर फोडणीचे डाग. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उठले. माझा हात गजऱ्याकडे गेला. या वयात! आठवलं, मी मनात म्हटलं. आता येतील मागून.

पावलं अंगणाकडे गेली.

"मंदाकिनीबाई!" हे भिंतीशी जाऊन हाक मारत होते. "ऐकलंत का? आमच्या घरीसुद्धा परिणाम झाला व्याख्यानाचा. सुनंदा शपथ घालायला शिकली!"

मग मंदाकिनीबाईंचा आवाज आला, त्यांचा वर्गातला आवाज. "विश्वनाथराव, एक विचारू? तुम्हीच मला सांगितलं होतं ना, तुमच्या ग्वाल्हेरच्या घरी नेवला म्हणतात म्हणून?"

"हो, म्हणतात ना. माझी आई अजून म्हणते."

"मग आजी मुंगूस कशी म्हणायची?"

यांची पावलं भिंतीशी मागेपुढे झाली.

"आपण शब्दाचं मूळ शोधायला समुद्रापर्यंत गेलो," त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदा घरात विचारायला हवं होतं. मी पण विचारायला हवं होतं. वहिनी नागपूरच्या आहेत ना?"

पेरूच्या झाडावर पोपट ओरडत होते. मी तशीच उभी होते, पळी हातात. मला आत सगळं ऐकू येत होतं, आणि तिनं गप्प बसावं, तिनं मला काही देऊ नये, असं मी मनात म्हणत होते. तिच्या हातून नको होतं मला. कोणाच्याही हातून चाललं असतं, मालतीच्या, शंकररावांच्या, त्या दामल्याच्या सुद्धा. तिच्या नको होतं.

पावलं परत आली. हळू आली, दारात थांबली, मग आत आली. माझ्या मागे येऊन उभी राहिली. हाराचा वास आला.

"सुनंदा," हे म्हणाले. आवाज बसलेला. "ते आपलं अंगण होतं. पेरूचं झाड... अगं, आजी कुठली? तूच होतीस."

पळीतली आमटी ओट्यावर ठिबकली.

"तोंड दाखव," ते म्हणाले. "तुला रामाची शपथ."

किती वर्षं मी या शब्दांची वाट बघितली होती! मान वळायला निघालीच होती, खरं सांगते. शपथेला मुंगूससुद्धा वळतं, मी तर माणूस. पण ते शब्द भिंतीपलीकडून आले होते. तिनं आठवण करून दिली म्हणून आले होते, आणि ती अजून तिथेच उभी होती, मला ठाऊक होतं, माझ्या अंगणाकडे कान देऊन.

मी वळले नाही.

"भात घ्या," मी भिंतीलाच म्हटलं, "निवून चाललाय."